गेल्या वर्षीची झावळी

"तुमच्या कपाळाला काहीतरी काळं लागलंय," म्हणत सिद्धेशने रुमाल पुढे केला, आणि वसईच्या एसटी स्टँडवर क्लाराला हसू आवरेना. १९९८ सालचा राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस होता. ती चर्चमधून थेट इथे आली होती.

"राहू दे. आपण माती आहोत, हे विसरू नये म्हणून फादर ही राख लावतात."

"माझंही कामच ते… आकाशगंगांत धूळ कशी साठत गेली, याचा अभ्यास करतो मी."

"मग घरात झाडू कोण मारतं?"

एव्हरशाईन सिटीच्या इमारतींत राहणारा हा अबोल मुलगा मग दर बुधवारी एसटीच्या रांगेत दिसू लागला. काही ना काही बोलणं होई. मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर येत नव्हतं.

दिवाळीत क्लाराचे पप्पा गेले.

फेब्रुवारीत चर्चने जुन्या झावळ्या मागवल्या. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या, वर्षभर जपलेल्या झावळ्या जाळूनच पुढच्या वर्षीची राख होते. साऱ्या गावाने दिल्या. क्लाराची तेवढी राहिली. पप्पांनी स्वतः विणून तिचा क्रूस केला होता.

"ही दिली, की त्यांच्या हातचं काहीच उरत नाही," केळीच्या वाडीत बसून ती म्हणाली.

सिद्धेशने वाडीतली चिमूटभर माती उचलली. "सुरुवातीला आकाशगंगांत धूळ नव्हतीच, क्लारा. नुसते दोन हलके वायू. कार्बन, लोखंड ताऱ्यांनी पोटात घडवलं आणि मरताना उधळून दिलं. त्यातून पुढचे तारे झाले… पिढ्यान् पिढ्या साठत गेलं, तेव्हा कुठे ही माती, ही केळ. काही तारे सगळं आतच ठेवून कोसळतात. त्यांचं पुढे काही होत नाही." मग घाईघाईने म्हणाला, "दे असं नाही म्हणत मी."

"म्हणतोयस की," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडली. संध्याकाळी तिने झावळी नेऊन दिली.

राखेच्या बुधवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर तो चर्चच्या दाराशी उभा होता. कपाळावर राख.

"तू…?"

"फादरना सांगितलं, मी तुमच्यातला नाही. ते म्हणाले, माती तर आहेस ना."

"यात पप्पांची झावळी आहे, सिद्धेश."

"म्हणूनच रांगेत उभा राहिलो. त्यांना विचारायचं राहून गेलं होतं… तुझ्याबद्दल."

क्लाराचे डोळे भरून आले. थोडी राख त्याच्या नाकावर सांडली होती. त्याच्याच खिशातला रुमाल काढून तिने ती पुसली. कपाळावरची तशीच ठेवली.

"पप्पा हो म्हणाले असते," ती हळूच म्हणाली. "मी तर म्हणतेच आहे."