जुळलं एकदाचं

पहिल्याच भेटीत त्यानं मला नखशिखांत भिजवलं. फवारणी यंत्राच्या लांब दांड्याखाली वाकून मी नोझल मोजत होते. ट्रॅक्टरवर कुणी चढलंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि दांड्याखाली कुणी आहे हे त्याला. पंप सुरू झाला आणि वरून, बाजूंनी, कॉलरच्या आत... गार पाण्याचे बारीक तुषार. मी थिजलेच.

तो उडी टाकून धावत आला, आणि मला बघून त्याचाच चेहरा पांढराफटक पडला.

"औषध की पाणी?" मी कसंबसं विचारलं.

"पाणीच आहे. टाकी धुऊन घेतलीय, शप्पथ. पण... तुम्ही कोण?"

"मीटर तपासायला आलेय."

"मग सांगा ना, किती लिटर झालं?"

माणूस चांगलाच आगाऊ होता. मला राग यायला हवा होता, आलं हसू. त्या गार पाण्यापेक्षा मला त्या हसण्याचाच धक्का जास्त बसला.

माझं काम तसं रुक्ष. फवारणीच्या आणि द्रवरूप खताच्या यंत्रांना मीटर असतो. आत एक चिमुकली चकती फिरते आणि किती लिटर गेले ते पडद्यावर दिसतं. पडदा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे मी बघायचं. प्रत्येक नोझलखाली माप धरायचं, मिनिटभर पाणी घ्यायचं, सगळी बेरीज पडद्याशी ताडून पाहायची आणि फरक निघाला की मीटरला समज द्यायची. त्याचा लोकांच्या शेतात फवारणी करून द्यायचा धंदा होता, दारात यंत्रांची रांग होती. त्यामुळे माझ्या फेऱ्या वाढल्या. दांड्याच्या एका टोकाला मी माप धरायची, दुसऱ्या टोकाला तो. त्याचं माप हमखास भरून वाहायचं.

"अहो, सांडतंय," मी म्हणायची.

"कळतंय मला," तो म्हणायचा — आणि बघत राहायचा माझ्याकडेच. मग ते माप रद्द, पुन्हा पहिल्यापासून. मला त्या कामाचा कंटाळा कसा येत नाही, याचं माझं मलाच नवल वाटायचं.

त्याची आई, म्हणजे काकू, मला चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एकदा चहा ओतता ओतता त्यांनी आनंदानं सांगितलं की मैत्रिणीची मुलगी दातांची डॉक्टर आहे, मुलासाठी सांगून आलीय. हा पठ्ठ्या ना हो म्हणतो ना नाही. तेव्हा या रविवारी त्या स्वतःच होकार कळवून टाकणार होत्या.

मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं, मीही काही बोलले नव्हते, आणि यंत्र उरलं होतं एकच. ते झालं की त्या अंगणात पाऊल टाकायला मला काही निमित्तच राहणार नव्हतं.

ते शेवटचं यंत्र होतं खताचं. त्याचा मीटर महा हट्टी निघाला. पाण्यावर शहाण्यासारखा वागायचा आणि दाट खत सोडलं की वाटेल ते आकडे फेकायचा. शेवटी मी तो उघडला. चकतीला वाळलेलं खत चिकटून बसलं होतं. घासूनपुसून परत बसवला, खरं खत सोडून पाहिलं आणि आकडा बरोब्बर आला. एरवी मी खूश झाले असते. त्या दिवशी रडू आवरत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले आणि वर्कशॉपमध्ये सरांना फोन लावला.

"हो सर, जुळलं एकदाचं. मला वाटलं होतं, हा काही जमणारा नाही, फारच आखडलेला होता. पण जरा मोकळा केला आणि आतून अगदी साधा निघाला बघा. आता काळजी नको. आयुष्यभर साथ देईल."

फोन ठेवून मापं आवरली आणि वळले, तर दारात काकू. हातात त्यांचा फोन, डोळ्यांत पाणी.

"मला आधी नाही का सांगायचं? आत्ताच मैत्रिणीला कळवलं, माझ्या मुलाचं जुळलंय, तुमच्या लेकीसाठी दुसरीकडे बघा."

तो हात पुसत येत होता, तो तिथंच थबकला. कानापर्यंत लाल. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघेनासे झालो.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. जे झालं ते बरंच झालं. पण चुकीचा आकडा तसाच सोडून घरी जायचा माझा स्वभाव नाही.

"काकू," मी म्हणाले, "मी मीटरबद्दल बोलत होते."

काकू मटकन पायरीवर बसल्या. "आखडलेला... मोकळा केला... हे सगळं मीटरबद्दल?"

"हो."

"अरे देवा. मग परत फोन करायला हवा."

"करू नकोस, आई." तो एकदम बोलला, आणि सरळ माझ्याकडे वळला. "तुमचं काम संपलं. यंत्रं संपली. आता मी काय बिघडवू, म्हणजे तुम्ही याल?"

"काही बिघडवू नका. नुसतं ये म्हणा."

तो अगदी हळू म्हणाला, "ये."

त्या एका अक्षरानं मी जी हादरले... इतक्या दिवसांचं अहो-जाहो एका श्वासात गेलं. मला तो आवडतो, फार आवडतो, हे मी तिथंच त्याच्या आईसमोर सांगून टाकलं, आणि आम्ही दोघंही खुळ्यासारखे रडत-हसत उभे राहिलो.

काकू एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. पदरानं कपाळ टिपत त्यांनी जपून विचारलं, "हे तरी माणसांबद्दलच चाललंय ना?"