सोमवारची तारीख

वल्लरी तक्रारीचा कागद आणि काही छापील कागद घेऊन प्रमोदिनीबाईंकडे आली आणि तिथे बसलेले बंडोपंत अस्वस्थ झाले. बैहरजवळच्या तिच्या जंगल-निवासाच्या वेबसाइटचं काम कुशलला त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. आता ती त्याच कुशलवर तक्रार करायला निघाली होती.

"'बैहरला कसं यावं' हे आमचं पान सर्चमध्ये पयलं दिसे. नागपूरचे सारे पाहुणे त्याच्यावरूनच येत. कुशलनं मोतीलालच्या लॉजचं पान वर आणासाठी आमचं खाली पाडलं. असंच चाललं तर निवास बंद करा लागते."

प्रमोदिनीबाई पोस्टातून निवृत्त झाल्यापासून अशा चौकशा करत आणि जुने सहकारी म्हणून बंडोपंत सोबत असत. बाईंनी पान वाचलं. वर 'शेवटचा बदल' म्हणून परवाच झालेल्या सोमवारची तारीख होती. शेवटी लिहिलं होतं: 'जुन्या स्टँडवर उतरा. मी जीप घेऊन घ्यायला येतो. – भैयालाल.' दुसऱ्या कागदावर त्या पानाला किती लोकांनी भेट दिली त्याचे आकडे होते. दोन वर्षं ते दर महिन्याला थोडे थोडे घटत गेले होते.

कुशल मान खाली घालून म्हणाला, पक्ष्यांची आणि झाडांची पानं तो लिहितो, ती अजून वरच दिसतात. "त्या एका पानाचं वल्लरीताईलेच विचारा." पोरगा काहीतरी लपवतोय असं बंडोपंतांना वाटलं.

मोतीलालने आपलं पान हौसेने दाखवलं; बसस्टँड आता दुसरीकडे हललंय, हेही त्यात होतं. दर हंगामाला तो ते नव्याने लिहून घेई. गेल्या महिन्यात दोन पाहुणे जुन्या स्टँडवर कोणाची तरी वाट पाहत उन्हात बसले होते, त्यांना त्यानेच उचलून आणलं होतं. तो हसला, आणि बंडोपंतांनी तेवढ्यावरच त्याला चोर ठरवून टाकलं.

वल्लरीच्या ऑफिसात वडिलांचा, भैयालालांचा, फोटो होता. हार जरा सुकला होता. तो सोमवारी बदलते, असं ती म्हणाली.

बाई तिच्यासमोर बसल्या. "पान कोणी पाडलं नाही, वल्लरी. पाडलं असतं तर आकडे एकदम कोसळले असते. अन् कुशलले पाडाचंच होतं, तर त्यानं बाकीची पानं कायले सांभाळली असती?"

"पण तारीख तर ताजी हाये," बंडोपंत म्हणाले.

"तारीखच ताजी हाये. आतमध्ये सारं दोन वर्षांआधीचं. लोक नवं स्टँड शोधतात, ते इथं मिळत नाही, म्हणून परत जातात. सर्चही मग पान खाली सारते. हार बदलते त्याच दिवशी तू तारीख बदलते, वल्लरी. अक्षर मात्र एक बदललं नाही."

वल्लरीने फोटोकडे पाहिलं. "बाबांनी लिवलेलं हाये ते, गेले त्याच्या आधी. कुशल दोनदा म्हणला, बदलून टाकू; मी त्याच्यावर ओरडली."

"ते दोन पाहुणे उन्हात बसले होते ना," बाई हळूच म्हणाल्या, "ते तुह्या बाबांची वाट पाहत होते."

बंडोपंतांना सुटल्यासारखं वाटलं, आणि कुशलवर शंका घेतल्याची लाजही वाटली. वल्लरीने तक्रारीचा कागद फाडला. बाबांच्या पानाची एक प्रत छापून तिने फोटोखाली ठेवली आणि कुशलला बोलावून घेतलं. शेवटची ओळ मात्र तिने स्वतः टाइप केली.

'नव्या स्टँडवर उतरा. मी जीप घेऊन घ्यायला येते. – वल्लरी.'