बाईंची वाटी

सन दोन हजार एकवीस. जानेवारीतला कडक हिवाळा, दिवस संक्रांतीचा. आयर्लंडमधल्या किलकेनी गावाबाहेर सारंगने भाड्याने घेतलेल्या जुन्या दगडी घरात त्याचे वडील बाळासाहेब लॉकडाऊनमुळे अडकून पडले होते. शाळा बंद. मुलगा आणि सून उल्का लॅपटॉपपुढे. नात पूर्वा आजोबांच्या हवाली.

पण दुपार कलली की पोरगी जिन्यावर गडप व्हायची. वरची खोली घरमालकाने कुलूप घालून ठेवलेली. तिथून बाईचा हलका आवाज यायचा, धडा घेतल्यासारखा. विझलेल्या मेणबत्तीचा वास खाली उतरायचा.

बाळासाहेब चौथी शिकलेले. म्हणूनच सुनेने आपल्याला न सांगता नातीला शिकवणी लावली, हा संशय त्यांच्या मनात घट्ट बसला.

"कोण येतं गं घरात?"

"बाबा, पार्सलवालासुद्धा दारातूनच पळतो. घरात कोण येणार?" उल्का हसली.

त्यांनी पूर्वाला धरलं.

"शी इज ग्रँड, आजोबा. सगळे कपडे काळे. ती म्हणते, मी आता तिची."

"तिची? बघतोच." त्यांनी वाटीत तिळगूळ भरला. "तुझ्या बाईंना दे. म्हणावं, वाटी रिकामी परत करायची नाही. आमच्यात चालत नाही."

पूर्वा वर गेली. कोण उतरतंय ते पाहायला बाळासाहेब जिन्याखाली दबा धरून बसले. उजेड गेला. कोणी उतरलं नाही. पूर्वाही नाही.

ते वर चढले. कुलूप तसंच होतं. त्यावर कोळ्याचं अखंड जाळं. आतून पूर्वाचा आवाज येत होता... पाढे म्हणत... दूर दूर जाणारा.

त्यांनी कुलूप हिसडलं. हलेना. मग ते दाराला तोंड लावून म्हणाले,

"बाई... तिळगूळ घेतलात. आता वाटी भरून द्या. माझ्या नातीच्या हाती."

पाढे थांबले.

मागे पायरी वाजली. पूर्वा उभी होती, ओंजळीत वाटी. वाटीत लाल केसांची बट, काळ्या फितीने बांधलेली.

"कुणाची ही?"

"आधीच्या मुलीची. बाईंकडे द्यायला नथिंग एल्स..."

बाळासाहेबांनी तिला पोटाशी धरलं. हाताला तिच्या काळ्याभोर वेण्या लागल्या. एक तोकडी होती. टोक ताजं कापलेलं. नातीऐवजी बाईंनी तिची बट ठेवून घेतली होती.

खाली येऊन त्यांनी वाटी विसळली, पालथी घातली.

देणं फिटलं.