बिननावाचा बोया

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी नेहालम खाडीत तीन म्हातारे मित्र नेहमीसारखेच एकमेकांची उणीदुणी काढत होडीत बसले होते. सॅमन नदीत शिरायच्या दिवसांत आपण तिघं इथे नसलो तर मासेच वाट चुकतील, असं व्हर्न म्हणायचा. यंदा लाइलच्या जिवाला मात्र घोर होता. अर्नेच्या हृदयाचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं होतं, आणि निघताना त्याची बायको मार्लिस लाइलला बाजूला घेऊन म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर सोडतेय. जेवायला घरी आण त्याला."

एक जाडजूड सॅमन मिळाला. त्याचं मुंडकं आमिष म्हणून आपल्या खेकडे धरायच्या पिंजऱ्यात बांधून ते खाडीच्या तोंडाकडे निघाले. तेवढ्यात धुकं उतरलं, आणि ऐन ओहोटीत मोटर बंद पडली.

"हिलाही ऑपरेशन हवंय," अर्ने म्हणाला.

कोणी हसलं नाही. पुढे फुटणाऱ्या लाटांचा आवाज येत होता आणि पाणी होडीला तिकडेच ओढत होतं. नांगर वाळूत धरेना. फोनला रेंज नव्हती. व्हर्न वल्ही मारून मारून दमला. अर्नेने वल्ह्याकडे हात नेला तसा लाइल खेकसला, "तू बस गप!"

मग धुक्यातून एक बोया समोर आला, तळाशी टाकलेल्या पिंजऱ्याच्या दोराला बांधतात तो तरंगता गोळा. नारिंगी, रंग उडालेला. खेकडेवाले आपल्या बोयावर नाव लिहितातच, यावर नव्हतं.

"दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही," अर्ने म्हणाला. उभ्या जन्मात त्याने हा नेम मोडला नव्हता.

"आज तुझ्या नेमाला सुट्टी दे." लाइलने दोर पकडून होडीला बांधला.

खेकड्यांच्या पिंजऱ्याचं वजन ते किती! पण होडी जागच्या जागी थांबली. दोन्ही बाजूंनी पाणी सळसळत समुद्राकडे चाललं होतं. दोर ताठ होता, फक्त मधूनच जरासा सैल पडून पुन्हा ताणला जाई. जड पिशवी धरणारा माणूस हात बदलतो, तसा.

ओहोटी सरेपर्यंत तिघं त्या दोराकडे बघत बसले.

भरती लागली, धुकं विरलं, किनारा दिसला. लाइलला रडूच कोसळलं. त्याने ते लपवलंही नाही.

"रडतोस काय लेका, वल्हव!" व्हर्न म्हणाला. त्यानेही बाहीने डोळे पुसले.

"थांबा," अर्ने म्हणाला. "आपलं मुंडकं ह्याच्या पिंजऱ्यात घालू. फुकटचे उपकार नकोत."

लाइलने दोर ओढला. हाताला वजन लागेना.

टोक वर आलं.

पिंजरा नव्हता. गाठही नव्हती.

टोक कोरडं होतं. आणि उबदार, नुकतंच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखं.

अर्नेने आपल्या पिंजऱ्यातलं मुंडकं सोडवून त्या टोकाला बांधलं आणि दोर सोडला. "जेवायला घरी चाललोय रे," तो पाण्याकडे बघून म्हणाला.

भरती होडीला घराकडे ढकलू लागली. लाइलने मागे वळून पाहिलं. त्याच पाण्यावर बोया भरतीच्या उलट, समुद्राकडे चालला होता.