स्टँडवरची हाक

गाडीतच राहायचं, गाडीतच झोपायचं, लहान लहान गावं बघत हिंडायचं, असं ठरलंय म्हणता? ठरवा की. मी कुठे नाही म्हणतोय? पण लाइट येईपर्यंत बसा. आणि ते मोबाइलचे दिवे बंद करा, डोळ्यांवर येतात. हां, असं.

तशी एक गाडी मी स्वतः बनवली आहे. म्हणजे आतलं सुतारकाम. पलंग, कपाटं, मागचं दार, सगळं या हातांचं. ज्याच्यासाठी बनवली तो माझा जुना दोस्त. बस चालवायचा. त्याला आम्ही तिसरा गियर म्हणायचो, कारण रस्ता कितीही मोकळा असला तरी हा चौथा टाकायचाच नाही. लोक म्हणायचे, याच्या गाडीत दाढी करून बसावं तर उतरताना पुन्हा करावी लागते.

रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी मिनीबस घेतली आणि माझ्या दारात आणून उभी केली. म्हणाला, "हिच्यात घर बसवून दे. मी आणि तुझी वहिनी गावं बघायला निघतोय."

सगळ्यांना हेच सांगितलं त्यांनी. गावं बघायला. मला खरं माहीत होतं. पोरगा शोधायला निघाले होते.

एकुलता एक पोरगा. चांगला पंचविशीचा, बापापेक्षा वीतभर उंच. बापाशी वाजलं कशावरून तरी, बाप बोलून गेला, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." पोरानं शब्द पाळला. फोन बंद. मग कुणीतरी सांगितलं, एका लहान गावात दिसला. कुठल्या, ते सांगणाऱ्यालाही धड आठवेना. तेव्हा हे दोघं एकेक गाव पालथं घालायला निघाले. न्हाव्याचं दुकान, पेट्रोल पंप, लॉज, जिथे माणसं येतात जातात तिथे फोटो दाखवायचे. "याला बघितलंत का हो?" लोक मान हलवायचे. की पुढचं गाव.

बघा, मेलेल्या माणसाचं एक बरं असतं. रडून मोकळं होता येतं. हरवलेल्याचं तसं नसतं. वहिनी जेवताना तिसरं ताट घ्यायची. तिसरा गियरही त्याच आशेवर गाडी चालवत होता.

आता पुढचं त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, शेवटचा शनिवार. संध्याकाळी एका गावात शिरले ते फक्त पाणी भरायला. गाव म्हणजे एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, बरीचशी शटर ओढलेली. टोकाला जुनं बस स्टँड. नवा रस्ता बाहेरून गेल्यापासून तिथे बस येत नव्हती. पण नळाला पाणी होतं. हा नळी लावून उभा राहिला, आणि वहिनी समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेली फोटो दाखवायला.

शिंपी म्हातारा होता. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "हा होय? हा असतो की इथे."

वहिनीनं तिथूनच हाक मारली, "अहो! अहो, लवकर या!"

हा नळी टाकून पळाला. "कुठे असतो? कुठे राहतो?"

"ते नाही माहीत," शिंपी म्हणाला. "अंधार पडला की स्टँडवर येतो. दारं वाजवतो लोकांची. आम्ही नाही उघडत." एवढं बोलून त्यानं दुकान बंद केलं. घाईघाईनं.

दारं वाजवतो, म्हणजे भीक मागत असेल, असं यांना वाटलं. पोटच्या पोराची ही दशा ऐकून कुठले आईबाप पुढे जातील? दोघांनी गाडी स्टँडवरच लावली. वहिनीनं त्याच्यासाठी स्वेटर काढून ठेवला. दिवा चालू ठेवून बसले दोघं. बाप मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होता.

वाट बघता बघता दिवसभराच्या थकव्यानं डोळा लागला दोघांचा.

मध्यरात्र उलटून गेल्यावर दार वाजलं.

मागचं. मी बसवलेलं.

ठक ठक. अगदी हळू. आणि खाली. म्हणजे माणूस जिथे वाजवतो तिथे नाही. गुडघ्याच्या जरा वर.

"कोण आहे?" यानं विचारलं.

बाहेर काही नाही. मग...

"आई... दाल उघड ना."

वहिनी उठून बसली.

"आई, थंडी वाजतेय. दाल उघड."

लहानपणी त्या पोराला र म्हणता यायचा नाही. तोच बोबडा आवाज. तीच लाडिक ओढ. यानं खिडकीचा पडदा सारला. बाहेर एक पिवळा बल्ब. रिकामे बाक. दाराशी कोणी नाही. आणि दार वाजत होतं.

ठक ठक.

"बाबा ओलडतील?" बाहेरचा आवाज म्हणाला. "बाबा, मी पुन्हा नाही कलनाल. आत घ्या ना."

मला हे सांगताना रडला तो. म्हणाला, "सुतारा, माझा हात कडीवर गेला होता रे. मीच उघडणार होतो." आणि तेवढ्यात त्याची नजर वहिनीच्या हातातल्या फोटोवर गेली. तो शिंप्याला दाखवलेला फोटो. यानं तो तोवर बघितलाच नव्हता. आत्ताचा फोटो याच्या खिशात होता. वहिनीनं घाईत आपल्या पाकिटातला दाखवला होता. शाळेच्या पहिल्या दिवसाचा. पाच वर्षांचा पोरगा, हाफ पँट, तेल लावून चापून बसवलेला भांग.

शिंपी म्हणाला होता, हा असतो की इथे.

हा.

यानं हात मागे घेतला. वहिनीला धरलं. "अगं, उघडू नकोस. आपला नाही तो. आपला पोरगा मोठा झालाय. हे... हे दुसरंच काहीतरी आहे."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. म्हणाली, "लहान तर लहान. मला चालेल."

"अगं, भानावर ये!"

"तुम्ही एकदा हाकलून दिलंत. पुन्हा नाही."

त्यानं तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं. ती त्याच्या मनगटाला चावली. रक्त येईपर्यंत. कडी काढली. दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

गार हवा. बल्ब. बाक.

...

वहिनी वाकली. इतकी, जितकं लहान मुलाशी बोलताना वाकतात. आणि म्हणाली, "ये. आत ये."

आता ऐका. हा आयुष्यभर बस चालवलेला माणूस. प्रवासी पायरीवर चढला की गाडी किती दबते, ते त्याला पाठ फिरवूनही कळतं.

गाडी दबली.

किंचित. पोराच्या वजनानं.

वहिनीनं दार लावलं.

तो कसाबसा स्टीअरिंगवर जाऊन बसला आणि गाडी सोडली. त्या रात्री त्यानं चौथा टाकला. पाचवाही टाकला. मागून वहिनीचा आवाज येत होता, हळू, समजूत काढल्यासारखा. अधूनमधून ती थांबायची. कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. यानं उजाडेपर्यंत आरशात बघितलं नाही.

सकाळी एका पंपावर गाडी थांबली तेव्हा वहिनी एकटीच होती. तोंड धुऊन, वेणी घालून बसलेली. कितीतरी दिवसांत तिला इतकं शांत बघितलं नव्हतं त्यानं. म्हणाली, "चला घरी. झालं आपलं शोधून."

आले घरी. पण वहिनी घरात काही राहिली नाही. अंगणात गाडी उभी असते, तिच्यातच झोपते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कुणाशी भांडत नाही, काही नाही. फक्त अंधार पडला की उठते, म्हणते, "वाट बघत असेल," आणि गाडीत जाऊन दार लावते.

आणि मग, उन्हाळ्याच्या तोंडाला, पोरगा आला. खरा. दाढी वाढलेला, खांद्याला बॅग. भरदुपारी दारात उभा. मी तिथेच होतो. बापानं त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पोरगाही रडला. मग आत वळून म्हणाला, "आई?"

वहिनी बाहेर आली. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पदराला हात पुसले.

"कोण पाहिजे आपल्याला?"

...

तो राहतो आता तिथेच. वहिनी त्याला पाहुण्यासारखं पाणी देते, पाहुण्यासारखं जेवायला वाढते. तो समोर बसून "आई, आई" करतो. ती म्हणते, "तुमची आई काळजी करत असेल हो." बाप भिंतीकडे तोंड करून बसतो. हाताशी आलेला पोरगा, पण हाती काही लागलं नाही.

आता त्या गाडीचं सांगतो. पावसाळ्यात तिचं मागचं दार फुगलं, म्हणून त्यानं मला बोलावलं. वहिनी दुपारची घरात होती. मी रंधा घेऊन गेलो. दार घासताना चौकटीवर आतल्या बाजूला पेन्सिलची एक आडवी रेघ दिसली. माझ्या मांडीच्या जरा वर. आपण पोरांना भिंतीला उभं करून उंचीची खूण करतो ना, तशी. लाकूडच ते, रंधा मारला, रेघ काढून टाकली.

परवा पुन्हा गेलो होतो. कडीचा स्क्रू ढिला झाला होता.

चौकटीवर नवी रेघ आहे.

बोटभर वर.