सोबतीची खुर्ची

"आजी, या घरात तुम्हाला सगळ्यात जास्त कोण ओळखतं?"

डॉक्टर विशाखांनी हे विचारलं तेव्हा दीपमाला चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नकळत पदर सारखा केला आणि चेहऱ्यावर जरा नम्र, जरा 'अहो, त्यात काय एवढं' असं हसू तयार करून ठेवलं... पहिला नंबर आपलाच येणार हे पक्कं ठाऊक असलेली मुलगी निकालाच्या दिवशी ठेवते ना, अगदी तस्सं!

पलंगावर बसलेल्या चतुराबाईंनी थोरल्या सुनेकडे क्षणभर पाहिलं. मग नजर वळवली आणि म्हणाल्या,

"संस्कृती. धाकटी सून हाय माझी. तिचंच नाव लिवा."

चहा कपातून बशीत सांडला.

संस्कृती! बिडकीनला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणारी, रविवारी दुपारी नवऱ्याच्या गाडीतून उतरणारी, "आई, कशा आहात?" म्हणून गळ्यात पडणारी आणि संध्याकाळी डबा भरून घेऊन परत जाणारी संस्कृती! आणि जी रोज आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, केस विंचरते, गोळ्या हातावर ठेवते, रात्री त्या उठायच्या आधी जागी होते, ती दीपमाला कोण? भिंतीवरचं कॅलेंडर?

शहरातल्या एका संशोधन केंद्रात म्हातारपणाचा अभ्यास सुरू होता. म्हातारी माणसं उदास का होतात, विसरायला का लागतात, त्यांच्या मेंदूत नेमकं काय बिघडतं, हे तिथं तपासायचे. अभ्यासात येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला आपल्या घरातला एक सोबती निवडावा लागे. तो सोबती शेजारच्या खुर्चीवर बसून डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देणार... म्हातारं माणूस झोपतं का, रडतं का, काय काय विसरतं. हर्सूलच्या त्यांच्या गल्लीतल्या बायकांनी दीपमालाला आधीच सांगून टाकलं होतं, "सोबती म्हणजे तूच की गं! तुझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही." आता त्या बायकांना ती कोणत्या तोंडानं सांगणार होती?

"आई, चहा सांडला," तिची दहावीतली लेक श्रेया हळूच म्हणाली.

"दिसतंय मला!"

त्या दिवसापासून दीपमालाच्या अंतःकरणात मत्सराची अशी काही आग पेटली, की पोळ्या तव्याआधी तिच्या छातीवरच भाजल्या असत्या!

खरं तर आत्याबाईंचं बिनसायला लागलं ते मामंजी गेल्यापासून. सासरे काकासाहेब गेले आणि चतुराबाई बोलायच्याच थांबल्या. मग एकदा वरणात मीठ दोनदा पडलं. तिच्या नवऱ्यानं, राजेंद्रनं, पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं, सासूबाईंचा चेहरा भीतीनं पांढरा पडला, आणि दीपमाला पटकन म्हणाली, "अगंबाई, माझ्याच हातून पडलं वाटतं!" तिथून तिला सवयच लागली. आत्याबाई बोलता बोलता अडल्या की शब्द हिनं पुरवायचा. भाजी आणायला गेल्या आणि घराची गल्ली सापडेना म्हणून कोपऱ्यावर रडत उभ्या राहिल्या, तेव्हाही हिनंच सांगितलं, "देवळात थांबल्या होत्या." झाकायचं, सावरायचं, पुन्हा झाकायचं! नवऱ्यालाही पत्ता नव्हता, की त्याची आई हळूहळू कुठंतरी निघून चालली आहे.

पण नाव कुणाचं घेतलं? संस्कृतीचं!

मग दीपमालानं ठरवलं, सोबती नसले म्हणून काय झालं, आत्याबाईंना असं तयार करीन की डॉक्टरच विचारतील, हे कुणी केलं! सकाळी केस विंचरता विंचरता शिकवणी सुरू झाली.

"आत्याबाई, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"बुधवार हो! मंगळवारी आपण मेथी केली होती. आणि तपासणीत लक्षात ठेवायला शब्द देतात ना, ते मनातल्या मनात घोकायचे."

"आई!" श्रेया दप्तर भरता भरता किंचाळली. "तू आजीला कॉपी पुरवतेस? आमच्या शाळेत असतीस तर बाहेर काढलं असतं तुला!"

"गप बस. लोकांनी नापास म्हणायला नको आजीला."

चतुराबाई आरशातून सुनेकडे नुसत्या बघत राहिल्या.

पहिल्या तपासणीला संस्कृती सासूबाईंना घेऊन गेली आणि दुपारी परत आली ती पडलेला चेहरा घेऊन. दीपमाला उंबऱ्यातच उभी होती.

"काय सांगितलंस डॉक्टरांना?"

"जे दिसलं ते, ताई. मागच्या रविवारी आई मला तुमच्या नावानं हाक मारत होत्या, ते सांगितलं."

"वा! आठवड्यातून एकदा यायचं, आणि माणसाची लाज वेशीला टांगायची!"

"असं काय बोलता ताई..."

"मग कसं बोलू? सोबती तू, मान तुझा! मी आपली धुणंभांडी!"

संस्कृतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती गप्प बसली नाही.

"मान? ताई, अर्ध्याहून जास्त प्रश्नांना मी 'माहीत नाही' म्हणाले! रात्री उठतात का, माहीत नाही. एकट्या बोलतात का, माहीत नाही. डॉक्टर माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हेवा तुम्हीच करायचा का? लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मला कुणी साधं मीठ टाकू दिलंय? 'तू बस गं, पाहुणी तू!' तुमच्या दोघींमध्ये शिरायला मला सुईएवढी जागा नाही, ताई!"

आपला कुणी हेवा करत असेल, हे दीपमालाच्या स्वप्नातही आलं नव्हतं! पण मत्सर इतक्या लवकर हार मानतो होय?

"ज्याचं नाव घेतलं त्यानंच जावं," ती फणकारली आणि आत निघून गेली.

थोड्या वेळानं चहाला विचारायला म्हणून ती आत्याबाईंच्या खोलीकडे आली आणि दारातच थबकली. आत संस्कृती विनवत होती.

"आई, पुढच्या वेळी ताईंचं नाव सांगा ना. त्यांना सगळं माहीत असतं."

"तिला नगं बसवू त्या खुर्चीवर."

"का पण?"

"ती खोटं बोलंल."

खोटं! दीपमालाचं काळीज विदीर्ण झालं... इतकी वर्षं झिजली, त्याचं हे फळ? ती ताडकन आत शिरली.

"मी खोटी, आत्याबाई? मी? ज्या बाईनं तुमच्यासाठी माहेराला जाणं सोडलं, ती खोटी?"

"व्हय. खोटी." चतुराबाई म्हणाल्या. "माझ्यापायी खोटी. वरणात मीठ कुणी टाकलं व्हतं दोनदा? सांग. माझी जीभ काय मेली नाय अजून."

दीपमालानं मान खाली घातली.

"मी देवळात बसले व्हते का त्या दिशी? मी तर रडत व्हते कोपऱ्यावर. समदं कळतंय मला, दीपा... कळतंय तवर." त्यांनी हात पुढे केला. "बस इथं. माझी माय तुला ठाव नाय. सिल्लोडकडं माझं माहेर. माय अशीच इसरायला लागली. वहिनीनं तिला मागल्या खोलीत झाकून ठेवली, लई मायेनं ठेवली, पण झाकून. सारं गाव येडी म्हणलं. तिला काय व्हतंय, ते कुणी इचारलं नाय. ती तशीच गेली."

चतुराबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"ही डॉक्टरीण म्हणती, लई दुःख झालं तरी माणूस असंच इसरतं, आन् रोगानंबी इसरतं. दुःख असंल तर औषधानं उतार पडंल. रोग असंल तर तसं वागायला शिकू. पर कोणतं हाय, ते कळायला खरं पायजे, पोरी. हे गेल्याचं दुःख मला गिळतंय, का माझं डोस्कंच आटत चाललंय... मला माझं कळायला पायजे का नगं? संस्कृती दिसंल ते बोलती. तू माया करती, म्हणून झाकती. म्हणून तुझं नाव नाय घेतलं."

"आत्याबाई!..." दीपमालानं त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं आणि कित्येक महिने कोंडलेले अश्रू धो धो वाहू लागले. ज्या नावासाठी ती जळत होती, ते नाव तिच्या प्रेमानंच खोडलं होतं!

पुढच्या तपासणीला तिघी मिळून गेल्या. सोबत्याला वेगळ्या खोलीत विचारायची तिथली रीत, पण चतुराबाईंनी हट्टच धरला, "माझ्यासमोर इचारा. मागं बोललेलं मला नगं." डॉक्टर विशाखा हसून तयार झाल्या. शेजारची खुर्ची संस्कृतीनं स्वतः ओढली आणि पदरानं पुसल्यासारखं केलं.

"बसा ताई. ही तुमचीच होती."

दीपमाला बसली.

"ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकतात का?"

"ना..." जिभेला सवयच तशी होती! पण आत्याबाईंचा सुरकुतलेला हात तिच्या हातावर आला आणि त्यानं घट्ट दाबलं.

"हो," ती म्हणाली. "घराजवळसुद्धा."

"स्वयंपाकात चुका?"

"हो... मीठ दोनदा पडतं. दूध उतू जातं. मी माझ्यावर घेते."

"एकट्याच रडतात?"

"हो. मामंजींचा सदरा उशाशी घेऊन."

एकेक 'हो' म्हणजे आपल्याच माणसाला आपल्याच हातानं नापास करणं! तरी ती थांबली नाही. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "थँक्यू. आता आपल्याला खरी सुरुवात करता येईल. दुःखही असेल, आजारही असेल, दोन्ही हातात हात घालून असतील... तपासू आपण." मग त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "आता तुमच्याबद्दल. सांभाळणाऱ्या माणसालाही आम्ही विचारतो. तुम्ही कशा आहात?"

"मी? मी एकदम मस्त!"

"खोटं," चतुराबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आजचा वार सांगता न आलेली ती म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती.

"तिला इचारू नगा, मला इचारा. ती मोरीत नळ सोडून रडती. जेवताना भाकरी कुस्करत बसती, खात नाय. आन् पहिलं गाणं म्हणायची भांडी घासताना, ते बंद झालंय." त्यांनी आपली खुर्ची सुनेच्या खुर्चीला भिडवली. "लिवून घ्या डॉक्टरीणबाई. तिची सोबती मी."

दीपमालानं आत्याबाईंचा हात घट्ट धरला. आपल्याला कुणीतरी रोज बघत होतं... आरशातून, अंधारातून, विसरत विसरत का होईना, बघत होतं!

त्या संध्याकाळी वरण चतुराबाईंनी केलं, कुणी अडवलं नाही. राजेंद्रनं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कुणी टाकलं एवढं?"

दीपमालाचे ओठ सवयीनं उघडले... आणि मिटले.

"मी टाकलं," चतुराबाई म्हणाल्या. "आन् दोनदा टाकलं!"

आधी श्रेया फिसकन हसली, मग सगळं घर हसलं. संस्कृती तर हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "आई, मला अजून एक वाटी वाढा. छान झालंय."

दीपमालानं तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. मत्सर असा एका दिवसात जातो होय! तिनं आपली वाटी पुढे सरकवली.

"आत्याबाई, मला दोन."