चार खाटांची केबिन

"वस्तू सापडली, चोरही ठरला," श्रीरामने वहीवरून मान वर केली. "मग मामा, आमच्याकडं काय काम काढलं?"

समोर बसलेल्या व्यंकटरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते जिंतूरहून पहिल्या गाडीनं आले होते.

"ती चोर न्हाई, एवढं सिद्ध करून द्या. माझी सून हाय ती."

परभणीत वसमत रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर योगिनीचं खाजगी तपासाचं कार्यालय होतं. श्रीराम तिचा मदतनीस. एसटीत तीस वर्षं वाहक म्हणून काढलेली. विनातिकीट माणूस आपण नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो, असं तो सांगे. योगिनीकडे आल्यापासून मात्र त्याचा एकही अंदाज बरोबर आला नव्हता.

"पहिल्यापासून सांगा," योगिनी म्हणाली.

व्यंकटरावांचा मुलगा गोपाळ बियाण्यांचा विक्रेता. कंपनीनं बक्षीस म्हणून मुंबईहून चार दिवसांची जहाजाची सफर दिली. चौघांत एक केबिन. तिथं तिसऱ्या दिवशी बायनाबाईंची, म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नीची, बोरमाळ गेली. त्यांच्या आईची शेवटची खूण. जहाजावर शोधाशोध झाली, काही हाती लागलं नाही; घरच्यांच्या बॅगा मात्र तेव्हा कुणी उघडल्या नाहीत. घरी आल्यावर आठव्या दिवशी ती सापडली, सून राजेश्रीच्या बॅगेत.

"सूनबाई काय म्हणाल्या?"

"म्हणली, मी घेतली न्हाई. दुसरा शब्द न्हाई. आणि उठून माहेरी पालमला गेली." व्यंकटरावांचा आवाज बारीक झाला. "सात वर्षांत त्या पोरीनं घरातली सुई इकडची तिकडं केली न्हाई हो."

दुपारी तिघं जिंतूरला पोचले. बायनाबाई दाराच्या चौकटीला धरून, एक एक पाय सावरत बाहेर आल्या आणि भिंतीच्या आधारानं खाली टेकल्या.

"बोरमाळ कुठं ठेवायचा तुम्ही?" योगिनीनं विचारलं.

"कापडाच्या चंचीत घालून गादीच्या फटीत. ह्यांच्या आणि माझ्या मधी. तिथं हात घालायचा म्हणजे दोघांना बी जाग येणार."

"तुम्ही कोणत्या बाजूला झोपायचा?"

"भिंतीकडं. बोट हलायची, पडायचं भ्या वाटायचं. हे बाहेरच्या अंगाला."

"तब्येत बरी होती ना?"

बायनाबाईंनी पदर सारखा केला. "पहिले दोन दिवस न्हाई. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट घेतला न्हाई मी. पुढं बरं वाटलं."

"आणि चंची शेवटची कधी पाहिली?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी. उठताना हाताला लागली. मग आमी तिघं नाश्त्याला गेलो. ती मात्र डोकं दुखायलंय म्हणून मागं राहिली. रात्री बघते तर चंची गायब! आता सांगा, कुणावर संशय घेऊ?"

श्रीरामनं वहीत राजेश्रीच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

"बॅगेत सापडली ती कशी?"

"बोटीवर चढतानाच चेन तुटली होती बॅगेची. बसवायला टाकावी म्हणून मीच रिकामी करायला घेतली, तर वरच्या कप्प्यात चंची."

"तुटली ती त्याच कप्प्याची चेन?"

"तीच की."

गोपाळ दुकानातून जेवायला आला होता. तो आईकडेही बघत नव्हता, बापाकडेही नाही.

"केबिन म्हणजे काय, काडेपेटी," तो म्हणाला. "खाली आई-आबा. आमच्या दोघांच्या खाटा छतातून खाली यायच्या, सकाळी परत वर घडी. चौघं एकदम उभं राहिलो तर दार उघडायचं न्हाई."

"सामान?"

"खालच्या खाटांखाली. माझी पेटी भिंतीकडं, राजेश्रीची बॅग पेटीच्या अलीकडं, आडवी टाकलेली."

"काही फोटो?"

गोपाळनं मोबाइल पुढे केला. केबिन झाडणारा माणूस रोज टॉवेलांचे प्राणी करून गादीवर ठेवायचा, त्याचे फोटो होते. पहिल्या दिवशी ऐसपैस गादीवर मधोमध टॉवेलाचा हत्ती. तिसऱ्या दिवशीचे हंस दोन, एक या भिंतीकडे, एक त्या भिंतीकडे आणि मधे पायवाट.

"चांगली कला आहे," श्रीराम म्हणाला.

योगिनीनं दोन्ही फोटो पुन्हा पाहिले आणि मोबाइल परत दिला. "उद्या सगळे पालमला या."

पालमला ती आणि श्रीराम आधी पोचले. राजेश्रीची आई कस्तुराबाई अंगणात तूर पाखडत होत्या. राजेश्री बाहेर आली ती शांत होती. अशा चेहऱ्याची बाई तिकीट चुकवत नाही, असं श्रीरामला एकदम वाटून गेलं. वहीतल्या दोन रेघा आठवून तो खजील झाला.

"त्या सकाळी तुमचं डोकं दुखत होतं?" योगिनीनं विचारलं.

राजेश्रीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"केबिनमधे तुम्ही एकट्याच होता?"

"न्हाई. झाडणारा आला होता. आत जागा न्हाई म्हणून मी बाहेर बोळात उभी होते." मग ती ठामपणे म्हणाली, "ताई, मी माळ घेतली न्हाई. ह्याच्या पुढचं विचारू नका. माझ्यामुळं आत्याबाईंची मान खाली नको."

तासाभरात बाकीचे आले. बायनाबाईंना खाटेवर बसवलं. योगिनी आधी त्यांच्याजवळ गेली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात काहीतरी बोलली. बायनाबाईंचा चेहरा उतरला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "घरचेच हायेत सगळे."

"बोरमाळ कुणीच चोरली नाही," योगिनी सर्वांकडे वळली. "ती पडली. पहिल्या दिवशीच्या फोटोत गादी एक आहे, तिसऱ्या दिवशी दोन. म्हणजे खालच्या दोन खाटा आधी जोडून एका भिंतीला लावल्या होत्या. मधल्या सांध्यात चंची. तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी झाडणाऱ्यानं बाहेरची खाट ओढून पलीकडच्या भिंतीला नेली. फट उघडली, चंची खाली गेली. त्या सांध्याखाली काय होतं? राजेश्रीची आडवी बॅग. तिचा वरचा कप्पा चेन तुटल्यामुळं उघडा. त्या माणसानं न बघता बॅग परत खाटेखाली ढकलली. राजेश्री बाहेर बोळात. कुणाला कळणार?"

"पण खाटा तर बोटीवाल्यांनी हलवल्या," बायनाबाई पुटपुटल्या. "मला वाटलं, तिथली तशीच रीत असंल."

"रीत असती तर चारही दिवस पाळली असती. कुणीतरी सांगितलं म्हणून हलवल्या. आणि तेव्हा केबिनपाशी एकच माणूस थांबलं होतं."

सगळे राजेश्रीकडे बघू लागले.

"पण कशासाठी?" गोपाळनं विचारलं.

"तुमच्या आईचे गुडघे दुखतात. रात्री बाथरूमला जायला भिंतीकडून उठायचं तर तुमच्या वडिलांना ओलांडायला हवं. संकोचानं त्या उठायच्याच नाहीत. उठावं लागू नये म्हणून दिवस मावळल्यावर पाणीच बंद केलं. तिसऱ्या दिवसापासून बरं का वाटलं? खाट सुटी झाली म्हणून. तुम्ही पुरुष माणसं गाढ झोपलात. वरच्या खाटेवरून हे एकाच माणसानं पाहिलं."

कस्तुराबाईंच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"खरं हाय का ग?" बायनाबाईंनी विचारलं.

राजेश्रीनं मान डोलावली. "दोन रात्री तुमी भिंतीकडं तोंड करून कण्हायलात. मला बघवंना."

"मग मी चोर म्हणले तवा का बोलली न्हाईस?"

"खाटा का हलवल्या, ते चारचौघांत सांगावं लागलं असतं. चोरीचं खोटं होतं आत्या, खोटं कधीतरी जातं. हे खरं होतं. मामांच्या, ह्यांच्या ध्यानात कायमचं राहिलं असतं."

श्रीरामनं वही उघडली आणि त्या दोन रेघांवर पेन गिरवून गिरवून ते पानच काळं केलं. व्यंकटराव उठले. योगिनीला वाटलं ते आपल्याकडे येताहेत, पण त्यांनी हात जोडले ते सुनेपुढे.

"मामा, असं काय करायलात!" राजेश्री मागे सरली.

"राहू दे," व्यंकटराव म्हणाले. "माझ्या शेजारी झोपलेल्या माणसाचं मला कळलं न्हाई. तुला कळलं."

बायनाबाई खाटेवरून उठू लागल्या. राजेश्री पुढे झाली, तसा त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. त्या रडत होत्या आणि डोळे पुसतही नव्हत्या.

"चल म्हणायला तोंड न्हाई मला," त्या म्हणाल्या. "तुला वाटंल तवा ये. तवर मीच हितं राहते. कस्तुराबाई, जागा हाय का?"

"हाय की," कस्तुराबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या. "पोरीच्या शेजारी टाकते तुमचं अंथरूण."

राजेश्रीला हसू आलं, तेही रडता रडता. "चार दिवस राहा आत्याबाई. मग जाऊ दोघी."

परतीच्या गाडीत व्यंकटराव आणि गोपाळ पुढच्या बाकावर बसले होते. पालम मागे पडलं तरी दोघं मधूनमधून वळून पाहत होते.